वेटरन, व्हिंटेज, क्लासिक : मराठीत काय लिहू?

पेठेतला भाचा: मंडळी, अडलोय. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे मराठी फलक लिहायचं काम गळ्यात पडलंय. वर्ग असे: 1905 ते 1918 वेटरन, 1919 ते 1930 व्हिंटेज, 1931 ते 1945 पोस्ट-व्हिंटेज, पुढच्या पोस्ट-वॉर. वेटरनला 'ज्येष्ठ' लिहिलं, तर आयोजक म्हणाले, लोकांना वाटेल ज्येष्ठ नागरिकांची रांग इथे. 'दिग्गज' लिहिलं, तर घरचेच हसले. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

चोकवाला: सगळ्यांना व्हिंटेजच लिहा की! 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज. नंबरसुद्धा वेगळा, 'व्हीए' मालिकेतला. आमच्या काकांची 1968 ची फियाट म्हणजे कायद्यानं व्हिंटेज. एका रॅलीत मात्र टेबलावरच्या गृहस्थांनी फॉर्म परत केला, "काका, ही क्लासिक. व्हिंटेज 1930 ला संपलं." काका अजून ते बोलून दाखवतात.

गोडी छाटणी: नाशिकचा आहे, म्हणून बोलतो. व्हिंटेज हा मुळात द्राक्षाचा शब्द. लॅटिन 'विंडेमिया', म्हणजे द्राक्षतोडणी. त्यावरून अमुक सालच्या तोडणीची वाइन, आणि तिथून मग गाड्या. तेव्हा 1925 ची गाडी म्हणजे '1925 च्या हंगामातली'. फलकावर 'हंगाम' लिहा, छान दिसेल.

चोकवाला: आणि पाऊस पडला तर माल गेला!

शुद्धमती: थट्टा पुरे. सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं? वेटरन 'वृद्ध', व्हिंटेज 'पुरातन', क्लासिक 'अभिजात'. झालं.

मुळामुठा: 'अभिजात'ला हरकत आहे. मराठीला तो दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला, तोही दीड-दोन हजार वर्षांचा जुनेपणा दाखवून. क्लबवाल्यांच्या हिशेबात 30 वर्षांत गाडी त्या रांगेत. म्हणजे 1983 ची मारुती 800 मराठीच्या आधीच अभिजात झाली की हो!

शुद्धमती: शब्दाला संदर्भ असतो, ताई.

ग्रीसचा डबा: कोल्हापुरात गॅरेज आहे. असल्या दोन-चार गाड्या हाताखालून गेल्यात. तुमचे वर्ग सालाचे आहेत, पण भांडणं लागतात ती रिस्टोर केलेली आणि न केलेली यावरून. पत्रा काढून, रंग मारून, इंजिन उतरवून चकाचक केलेली एक. आणि कारखान्यातनं आलेला रंग, सीटचं फाटकं कातडं जसंच्या तसं ठेवलेली दुसरी. जाणकार दुसरीपुढं जास्त वेळ उभे राहतात. पहिलीला काय म्हणाल?

शुद्धमती: जीर्णोद्धारित.

ग्रीसचा डबा: देवळाचा होतो की तो. आणि दुसरीला आम्ही सरळ 'राखलेली' म्हणतो.

मुळामुठा: अहो, फलकावर 'राखलेली' नको! घरची मंडळी येणार. अर्थ भलताच होतो.

चोकवाला: तो भलता अर्थ तर 'स्टेपनी'लाही आहे. :) म्हणून काय टायर सोडून द्यायचं? बाय द वे, स्टेपनी हे वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव. लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर 1904 च्या सुमारास जादा चाक बनवायला सुरुवात झाली. तिकडे आता 'स्पेअर' म्हणतात, आपण त्या रस्त्याचं नाव अजून डिकीत ठेवलंय.

गोडी छाटणी: डिकीचंही तसंच! जुन्या दोन-सीटर गाड्यांना मागं झाकण असायचं, ते उघडलं की पाठीची गादी वर यायची आणि उघड्यावर दोन माणसं बसायची. ती डिकी सीट. माणसं गेली, सामान आलं, शब्द तिथंच राहिला. आजोबा सांगायचे, लहानपणी लग्नाला जाताना ते तिथं बसले होते, उतरले तेव्हा भुवयांसकट धुळीनं पांढरे.

ग्रीसचा डबा: तसल्या गाड्या हँडल मारून चालू करायच्या. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिन उलटं फिरलं की हँडल झटका देतं, अंगठा मोडतो. आमच्या उस्तादांचा वाकडाच होता.

शुद्धमती: डिकीला 'सामानकक्ष' म्हणता येईल.

मुळामुठा: रिक्षावाल्याला म्हणून बघा. कुठे उतरवेल ते कळवा.

पेठेतला भाचा: अहो, माझा वेटरन राहिला! उद्या शुक्रवार.

चोकवाला: वेटरनच लिही रे, देवनागरीत. ती गाडी बघायला येणारा वाचतो ते साल. बरं, डुक्कर फियाट म्हणजे नेमकी कुठली? काका म्हणतात त्यांचीच. मी तर जुन्या मिलेचेंटो मॉडेलच्या फियाटलाच म्हणताना ऐकलंय, पुढून नाक काढलेली ती.

ग्रीसचा डबा: मिलेचेंटोच. काकांच्या गाडीचं नाक कुठं तसं आहे?

गोडी छाटणी: साफ चूक. आमच्याकडे डुक्कर म्हणजे टेम्पो, तीन चाकांचा. फियाटला कोण म्हणेल?