मदत हवी आहे: आईला घेऊन आकासावाच्या जंगलात जायचंय

नमस्कार मंडळी. मी जपानमध्ये नागोयात राहते. आई ऑक्टोबरमध्ये पुण्याहून येतेय. वय ६८, गुडघे दुखतात, आणि बाबा गेल्यापासून झोप फार कमी झालीय. तिला शिनरिन-योकू, म्हणजे वनस्नानासाठी (जंगलात शांतपणे वेळ घालवण्यासाठी), नागानो प्रांतातल्या आगेमात्सुजवळच्या आकासावा जंगलात न्यायचं मनात आहे. १९८२ मध्ये वनस्नानाची सुरुवात याच जंगलातून झाली. तिथले हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्ष सुमारे ३०० वर्षांचे आहेत. मी एकदा एकटी गेले होते. पायाखाली मऊ माती, शेजारून वाहणारा ओढा आणि त्या लाकडाचा गंध! तेव्हाच वाटलं, आईने इथे नुसतं बसावं, बाकी काही नको.

कुणी वयस्कर माणसांना तिथे नेलंय का? चढ नसलेली, मध्ये बाकं असलेली वाट कोणती? वाटाड्या घ्यावा का? आईला मराठी-हिंदीच येतं, मला जपानी जेमतेम. डोळे मिटून श्वास घ्यायच्या सूचना मी मध्येच भाषांतर करत बसले तर तिची शांतता मोडेल, ही खरी काळजी. शिवाय आई शाकाहारी आहे, मासळीचा दाशी, म्हणजे सूपात घालतात तो अर्कसुद्धा चालत नाही. आसपास मुक्कामाला असं जेवण देणारं मिन्शुकु, म्हणजे घरगुती निवासगृह, माहीत असेल तर जरूर सांगा.