मिरचीचा चुरडा-मुरडा आणि गोचीड, घरगुती उपायाचं नक्की प्रमाण कुणी सांगेल का?

हिरवा_देठ
नमस्कार मंडळी, मदत हवीये. यंदा पहिल्यांदाच केमिकल फवारणी बंद करून बघतोय. थोडी मिरची, थोडी वांगी, गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड एवढाच पसारा आहे. मिरचीचा पार चुरडा-मुरडा झालाय, पानं वळून आकसलीत. आजी म्हणाली निंबोळी मार, म्हणून निंबोळ्या कुटून चांगल्या तासभर उकळल्या, पानाला चिकटायला हवं म्हणून कपड्याची पावडर दोन मुठी टाकली आणि भर दुपारी मारून मोकळा झालो कारण वेळच तेव्हा मिळाला. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तांबूस आणि कीड जिथल्या तिथे मजेत. वांग्याचे शेंडेही माना टाकतायत. कालवडीच्या कानात आणि शेपटीखाली गोचीड झालेत ते वेगळंच. दशपर्णी, जीवामृत, आंबट ताक, जो तो काहीतरी सांगतोय आणि एकाचं प्रमाण दुसऱ्याशी जुळत नाही. प्लीज ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनीच सांगा.

बांधावरची_बाभळ
उकळलंस? अरे दादा, तिथेच सगळं मुसळ केरात. निंबोळीतलं जे कामाचं आहे, अझाडिरॅक्टिन, ते उष्णतेने आणि उन्हाने दोन्हीने खराब होतं. तू आधी शिजवलंस आणि मग भर दुपारी मारलंस. आणि पानं भाजली ती निंबोळीने नाही, त्या पावडरने.
नीट करायचं तर 5 टक्के अर्क असा: 5 किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी ढवळून फडक्यातून पिळून गाळायचा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा आणि सगळं मिळून 100 लिटर करायचं. तुझा पंप 15 लिटरचा असेल तर भरडा 750 ग्रॅम, साबण 30 ग्रॅम, बास. ऊन उतरल्यावर मारायचं, पानाच्या खालच्या बाजूनेसुद्धा, आणि त्याच दिवशी संपवायचं, उरलं तर उद्या चालेल हा विचार नको. फडकं दुहेरी घे नाहीतर नोझल चोंदून अर्धा वेळ ते फुंकण्यातच जातो (अनुभव). निंबोळ्या फार जुन्या, काळ्या पडलेल्या, बुरशी आलेल्या असतील तर त्यात दम राहत नाही.
अजून एक, कीड मेलेली दिसायची वाट बघू नकोस. याने ती पटापट मरत नाही, तिचं खाणं मंदावतं, कात नीट टाकता येत नाही, मग हळूहळू संपते. आठवड्याने परत एक फवारणी लागते.

मातीत_हात
बाभळताई बरोबर बोलल्या, पण दादा आधी हे सांगा की पान वळलंय कुठल्या बाजूला? कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखं असेल तर कोळी (डोळ्याला जेमतेम दिसणारी बारीक कीड). शेंडा पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका आणि डोळे जवळ नेऊन बघा, पिवळसर, केसाएवढं बारीक काहीतरी सरसर पळालं तर फुलकिडेच. आणि झाड खुजं राहिलंय, पानं बारीक, गोळा झालेली असं असेल तर तो व्हायरस, तो पांढरी माशी पसरवते, त्या झाडावर अमृत ओतलं तरी उपयोग नाही, उपटून पुरा. सापळेसुद्धा त्यावरच ठरतात, फुलकिड्यांना निळे चिकट, पांढरी माशी आणि माव्याला पिवळे.
वांग्याचे शेंडे माना टाकतायत म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. ती आत बसलेली, बाहेरून कितीही अर्क मारा, तिला पत्ता नाही. मलूल शेंडा दिसला की बोटभर खालून मोडायचा, रोज, न चुकता, आणि जोडीला कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे). तीच अळी पुढे फळात घुसते.
कोळ्यांवर मात्र घरगुती अर्कांचा मला फार भरवसा नाही, खरं तेच सांगते.

शंकेखोर
मग दशपर्णी? आमच्याकडे तर सगळ्यावर एकच रामबाण म्हणून तेच सांगतात. आणि जीवामृत फवारलं तर कीड जाते का?

बांधावरची_बाभळ
जीवामृत हे कीडनाशक नाहीच मुळी. 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, 200 लिटर पाणी, सावलीत दोन दिवस आंबवून एकराला द्यायचं. ते मातीतल्या जिवाणूंसाठी. त्याने किडे जातील म्हणून बसलात तर बसूनच राहाल.
दशपर्णी चांगलं पण ते मुरायला महिना लागतो. निंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, एरंड, रुई, कण्हेर, घाणेरी, पपई, गुळवेल, वर मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र, आणि रोज ढवळायचं. आज मिरची वाकडी झालीये त्याला महिन्यानंतरचं औषध काय करायचंय, पुढच्यासाठी ड्रम भरून ठेव. फक्त ते झाडपाल्याचं आहे म्हणून निरुपद्रवी समजू नका. कण्हेर, रुई चांगल्याच विषारी. हातमोजे घाला, ड्रमला झाकण ठेवा, गुरांचं आणि पोरांचं तोंड तिथे पोचता कामा नये.
आणि तंबाखूचा काढा कुणी सुचवलाच तर निकोटिन आपल्या कातडीतूनसुद्धा आत जातं, मळमळ, चक्कर सगळं होतं. मी सोडून दिला. फुलोऱ्यात तर नकोच, मधमाश्याही जातात.

गोठेवाली_ताई
गोचिडांचं मी सांगते. लसणाच्या दहा पाकळ्या, मूठभर कडुनिंबाचा पाला, मूठभर निंबोळ्या, मूठभर तुळस, 10 ग्रॅम वेखंड, 20 ग्रॅम हळद वाटून 1 लिटर पाण्यात कालवायचं, गाळून अंगावर फवारायचं, आठवड्यातून एकदा. कुणी यात घाणेरीचा पालाही घालतात, मी नाही घालत, जनावर अंग चाटतं आणि घाणेरी पोटात गेली तर त्याला बाधते. पिकाला संध्याकाळी मारतात, पण जनावराला मी दिवसा उन्हातच मारते, रात्री ओलं अंग नको. डोळे सांभाळायचे.
खरं काम गोठ्यातलं आहे. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. नुसतं कालवडीला धुवून काय होणार? फटी खरवडा, तेच पाणी तिथेही मारा, फटी बुजवा. आणि कालवडीला ताप असेल, लघवी लाल झाली असेल किंवा गळ्याजवळच्या गाठी सुजल्या असतील तर पाला वाटत बसू नका, तो गोचीडताप असू शकतो, डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा.
एक कळकळीने सांगते. तोंडाने काही पाजायचं तर हात थरथरला पाहिजे इतकी काळजी घ्या. आमच्या गाईचं पोट फुगलं, डावी कूस ढोलासारखी वाजायला लागली, घरात घाई, कुणी जीभ ओढून धरली, कुणी मान आभाळाकडे केली आणि तेलाची अख्खी बाटली ओतली. पोटफुगी उतरली पण तेल श्वासनलिकेत गेलं होतं. चौथ्या दिवशी गाय गेली. तेल चुकीचं नव्हतं, पाजणं चुकीचं होतं. जीभ मोकळी ठेवायची, मान फार वर नाही, थोडं थोडं गालाच्या फटीतून, आणि ठसका लागला की लगेच डोकं खाली सोडायचं.

शंकेखोर
ताई वाचून पोटात गोळा आला. कासदाहावर, म्हणजे कास सुजते त्यावर, कोरफड-हळद-चुना लावतात ते खरं का?

गोठेवाली_ताई
लावतात, मीही लावते. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम खायचा चुना, वाटलं की लालसर होतं. त्यातलं मूठभर घेऊन पाण्यात पातळ करायचं, सड पूर्ण पिळून कासेला दिवसातून आठ-दहा वेळा लावायचं. एकदा लावून गुण नाही म्हणणारेच जास्त. गाय चारा खात नसेल, ताप असेल तर परत तेच, डॉक्टर. आणि लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांना लसच, त्याला पाला नाही.

हिरवा_देठ
मंडळी खूप खूप आभार. कागदावर झटकलं, पिवळे सरसर पळाले, म्हणजे फुलकिडे. तीन झाडं खुजी होती ती उपटून पुरली. काल ऊन उतरल्यावर नव्याने 15 लिटर मारलं, न उकळता 😅 गोठ्याच्या फटी खरवडल्या तर आत जे निघालं ते लिहीत नाही. आज वांग्याचे सगळे मलूल शेंडे पण मोडले, चांगली पाटीभर निघाले.

मातीत_हात
छान! शेंडे टाकलेत कुठे?

हिरवा_देठ
बांधावर

मातीत_हात
अहो दादा, अळी त्या शेंड्यातच आहे! बाहेर पडून तिथेच कोष करेल आणि तिचे पतंग परत तुमच्याच वांग्यावर येतील. उचला आधी, खोल पुरा नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा.

हिरवा_देठ
टॉर्च घेऊन निघालो.