जुनं रिव्हॉल्वर जपणं म्हणजे सरंजामी माज?

तापीकाठचा:
परवाच्या पोस्टमध्ये एका भाऊंनी निकालच लावून टाकला: जुनी रिव्हॉल्वरं जमवणं हा वाड्यातल्या लोकांचा माज, सगळी भट्टीत घाला. खाली टाळ्याच टाळ्या. म्हणून लांबलचक लिहितोय, सहन करा.

वेब्ली रिव्हॉल्वरं बनायची इंग्लंडात बर्मिंगहॅमला, पण नळीच्या पट्टीवर बऱ्याचदा नाव कोरलेलं असायचं इथल्या विकणाऱ्याचं. कलकत्त्याचं मँटन, नाहीतर रॉडा. हे रॉडा म्हणजे तेच, ज्यांच्या मालाची एक बैलगाडी 26 ऑगस्ट 1914 ला गायब झाली आणि 50 माउझर, 46,000 काडतुसं क्रांतिकारकांच्या हाती लागली. पुढे छाप्यात सापडलेलं हत्यार त्यातलंच, हे कळायचं कशावरून? प्रत्येक हत्याराचा नंबर रॉडाच्या दप्तरी होता. म्हणजे हत्यार आणि वही मिळून एक पुरावा. हत्यार वितळवलं की निम्मा पुरावा गेला. आमच्या गावचं बंदुकांचं दुकान बंद झालं तेव्हा उरलेला निम्मा रद्दीवाल्याने किलोवर नेला. त्या वह्यांत कुठल्या पाटलाने, कुठल्या कापसाच्या जिनवाल्याने काय घेतलं, सगळं होतं. त्यावर कुणी पोस्ट लिहिली का?

सातपुड्याचा मास्तर:
पाटील आणि जिनवाले. वा! तुम्हीच उत्तर दिलंत. 1878 च्या कायद्याने हिंदुस्थानी माणसाला परवान्याची अट घातली आणि गोऱ्यांना सूट दिली. आमच्या भिल्लांची नावं त्या वहीत कुठल्या पानावर सापडणार? 1825 ला इंग्रज अधिकारी आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली तेव्हा साहेबाच्या हुकमातली बंदूक चालली. हुकमाबाहेरची धरली की तोच माणूस दरोडेखोर. तुमचं कोरीवकाम असेल सुंदर. आमच्याकडे ती नळी समोरून बघितलेली आहे.

घोडा-चाप:
तापीकाठचे, विषय रिव्हॉल्वरचा आणि दाखला माउझरचा? ते पिस्तूल. त्याला फिरतं चाक नसतं. बाकी चालू द्या.

चोपड्याची लेक:
मास्तर, राग समजतो, पण आमच्याकडे ना वाडा ना जहागीर. आजोबा वनखात्यात होते. घरात तीन परवान्याची हत्यारं. 2019 ला कायदा बदलला, तीनाची मर्यादा दोनावर आली, तिसरं वर्षभरात जमा करा म्हणाले. वडिलांनी दुनळी आणि रायफल ठेवली, रिव्हॉल्वर दिलं. ठाण्यातल्या माणसाने ते गोणपाटात गुंडाळलं, वर खडूने नंबर टाकला. वडील घरी येऊन जेवले नाहीत. हा माज म्हणायचा का?

कलम आणि कारकून:
ताई, जमा करण्याआधी विचारायचं होतं. शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला सूट आहे. 2020 च्या नियमबदलानंतर 'क्युरिओ' म्हणजे जुनं, दुर्मिळ म्हणून जपायच्या प्रकारातलं हत्यार घरी ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला किंवा कुठे न्यायला मात्र लागतो.

चोपड्याची लेक:
आमचं चालतं होतं. आणि विचारायचं कुणाला? खिडकीवरच्या माणसालाच माहीत नव्हतं.

रावेरचा केळीवाला:
तुमचं वेब्ली-बिब्ली ठेवा तिकडं. मले सांगा, निवडणूक लागली की माझी 12 बोअरची बंदूक ठाण्यात का जाते? आचारसंहिता संपेपर्यंत ती मालखान्यात, आणि डुकरं माझ्या केळीत. मागच्या खेपेला परत आणली तर नळीत गंज. सही मात्र 'सुस्थितीत मिळाली' यावर घेतली. डुकराले आचारसंहिता नाही का?

कलम आणि कारकून:
सरसकट जमा करायचीच असं नाही. आयोगाच्या सूचनेप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती असते, कोणाची जमा करायची ते ती ठरवते.

रावेरचा केळीवाला:
समिती! भो, बाँड भरून द्या, पीक संरक्षणाचा परवाना दाखवा, तरी फोन येतोच: 'उद्या सकाळी आणून टाका.' एकदा समितीतल्या साहेबाले माझ्या बागेत रात्री झोपायले पाठवा. आणि वरणगावले एवढा मोठा कारखाना, तरी काडतुसं मिळेनात!

घोडा-चाप:
अण्णा, वरणगावला लष्कराची गोळी बनते. तुमची 12 बोअरची खडकीची.

रावेरचा केळीवाला:
बरं झालं सांगितलंत. आता डुक्कर घाबरलं.

सातपुड्याचा मास्तर:
अण्णा, डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी काढली होती का? नसेल तर साधी ठासणीची बंदूक आमच्या पाड्यावरच्या माणसाकडे सापडली की तो शिकारी चोर, आणि तुम्ही 'त्रस्त शेतकरी'.

रावेरचा केळीवाला:
काढली होती! कागद हातात पडेपर्यंत घडच राहिले नव्हते. मास्तर, तुमचा पगार एक तारखेले होतो, म्हणून हे सुचतं.

सातपुड्याचा मास्तर:
पगारावर आलात म्हणजे मुद्दा संपला. माझ्या भावाची ज्वारीही डुकरंच खातात. तो डबा वाजवत रात्र काढतो, कारण त्याच्या नावावर परवानाच निघत नाही.

धुळ्याचा वाटसरू:
खानदेशात हत्यार म्हटलं की पेपरात उमर्टी. आधी ते गावठी कट्टे बंद करा, मग वारसा-बिरसा.

चोपड्याची लेक:
उमर्टीचं नाव काढून आख्खा चोपडा तालुका बदनाम करू नका. छापे पडतात ते नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीत. आणि तिथले शिकलीगर पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे. तो हात कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यात असता तर कारागीर म्हटला असता.

तापीकाठचा:
मास्तर, एवढं कबूल: त्या वहीत भिल्लांची नावं नसणार. पण परवाना कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे तुम्ही तरी कशावरून सिद्ध करणार? त्याच वहीवरून. म्हणून म्हणतो, भट्टी नको. जमा झालेली जुनी हत्यारं धुळ्या-जळगावात एखाद्या संग्रहालयात ठेवा, चाप काढून ठेवा हवं तर.

सातपुड्याचा मास्तर:
ठेवा. खालच्या पाटीवर ती कोणावर चालली तेही लिहा. पाटी मी लिहून देतो, फुकट.

रावेरचा केळीवाला:
आणि माझ्या 12 बोअरच्या गंजाचं कोण बघणार?