बी विंगच्या गच्चीवरचा भुईमूग कधी काढायचा? (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

मंगळवार

बी ६०१ : गुड मॉर्निंग. आत्ता गच्चीवर जाऊन आलो, भुईमुगाची पानं पिवळी पडून गळायला लागलीयेत आणि कालच्या पावसाने क्रेटमध्ये पाणी पण साचलंय. मला वाटतं आजच सगळं उपटून टाकू नाहीतर सडेल. शुक्रवारी भोंडला आहेच, खिरापतीला होतील.

डी २०३ : चालेल, मी पावणेनऊला रिकामी होते, येते वर.

सी ३०४ : थांबा, प्लीज कोणी हात लावू नका अजून. पिवळी पानं म्हणजे तयार झालं असं नसतं दादा, पान जरा उलटसुलट करून बघा, त्यावर काळपट गोल ठिपके आहेत का आणि भोवती पिवळी कडा? असतील तर तो टिक्का आहे, पानाचा रोग, दमट हवेत पडतोच, त्याने पानं गळतात पण खाली शेंगेत दाणा भरलाय की नाही ते त्यावरून कळत नाही. गेल्या वर्षी आपण नेमकं हेच केलं, साठाव्या दिवशी पाला मरगळलेला दिसला म्हणून उपटला आणि खाली काय निघालं, पाणीदार पांढऱ्या बोंड्या, मुलं रडवेली झाली होती. मला ते अजून लागून राहिलंय.

बी ६०१ : हो ठिपके आहेत, बरेच आहेत. मग काकू कळणार कसं? वर तर काहीच दिसत नाही.

सी ३०४ : वर दिसत नाहीच, ते पीकच तसं आहे. फूल वर येतं, सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं, मग त्याच्या बुडातून आरी सुटते, दाभणासारखी टोकदार, ती खाली वळून मातीत शिरते आणि आत अंधारात गेल्यावर तिच्या टोकाला शेंग धरते. मातीत शिरली नाही तर शेंग नाही, म्हणून तर मी जुलैअखेरीपासून सगळ्यांच्या मागे लागले होते की माती भुसभुशीत ठेवा, बुडाशी भर लावा आणि आऱ्या सुटल्यावर खुरपं घालू नका. फूल पडल्यापासून शेंग पक्की व्हायला साधारण दोन महिने जातात आणि फुलं काही एकाच दिवशी येत नाहीत, महिनाभर येत राहतात, त्यामुळे एकाच झाडाला पक्की, अर्धवट आणि कोवळी अशा तिन्ही शेंगा असतात. आपण पेरलं जूनच्या शेवटच्या रविवारी, आज शंभरावा दिवस. म्हणजे वेळ जवळ आलीये हे खरं. पण आधी एकच झाड उपटून बघायचं.

बी ५०२ : बरोबर बोलताय. आमच्याकडे पूर्वी एसबी ११ जातीचा भुईमूग असायचा, वडील बांधावरचं एक झाड उपटून शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू बघायचे. आतून काळसर तपकिरी झालं की दाणा पक्का, पांढरं असेल तर झाकून ठेव म्हणायचे.

सी ३०४ : आजोबा अगदी तेच. मी नवाला जाते वर.

सी ३०४ : जाऊन आले. शेवटच्या क्रेटमधलं कोपऱ्यातलं झाड घेतलं, दहा शेंगा फोडल्या. सहांच्या टरफलाला आतून तपकिरी डाग आहेत, दाण्याची साल छान गुलाबी, तिघींच्या आत अजून नुसता पिवळसरपणा, एक पांढरी. दहातल्या सात-साडेसात पक्क्या असल्या की काढायचं, तेव्हा दोन दिवस थांबलो तर फायदा आहे. पण एक गोष्ट बघून पोटात धस्स झालं. सगळ्यात खालच्या एका शेंगेला चीर पडलीये आणि त्यातून पांढरा कोंब बाहेर आलाय.

डी २०३ : म्हणजे मातीतच उगवायला लागलं??

सी ३०४ : हो. माझ्या भावाने दिलेलं बी उपट्या, म्हणजे उभ्या वाढणाऱ्या प्रकारातलं आहे, या जाती लवकर येतात पण यांच्या बियाला झोप नसते, पक्का झाला आणि ओल मिळाली की दाणा लगेच उगवतो. पसऱ्या जातीचं बी मात्र काही दिवस झोपून राहतं. म्हणून आता खूप थांबून पण चालणार नाही. आत्ता एकच काम, क्रेट एका बाजूने विटेवर उचलून ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल, आणि आता पाणी कोणीही घालू नका, पाइप बंद.

बी ६०१ : केलं. आठही क्रेट तिरके केले. दोनमधून तर बादलीभर पाणी निघालं.

बुधवार

बी ४०१ : पाणी निघालं ना मग आज काढायला काय हरकत आहे, हस्त नक्षत्राचा पाऊस अजून संपला नाहीये, आज संध्याकाळी परत कोसळला तर?

सी ३०४ : माती ओली चिकट असताना झाड ओढलं तर देठ तुटून शेंगा आतच राहतात आणि जी वर येते ती चिखलाने माखलेली. आणि एकदम खडखडीत वाळल्यावर ओढलं तरी तेच, घट्ट मातीत शेंगा तुटतात. वापसा यायला पाहिजे, मूठ आवळली की गोळा होईल पण बोटांनी दाबला की फुटेल इतपत. आज दिवसभर ऊन आहे, उद्या सकाळी येईल वापसा. पाऊस आला तर माझ्याकडे मोठी ताडपत्री आहे, मी आणि बी ६०१ झाकू.

ए १०२ : काकू खिरापतीचं एक सांगायचं होतं, आमच्या छोट्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही, मागे ओठ सुजून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्याला भोंडल्याला यायचंय खूप.

सी ३०४ : अगं बरं झालं सांगितलंस. त्याच्यासाठीच नाही, सगळ्यांसाठी दुसरी खिरापत पण करू, मी गूळपोहे करते, त्यात दाणे नाहीत, वेगळ्या भांड्यात वेगळ्या चमच्याने. शेंगांचं पातेलं पार्किंगच्या त्या टोकाला ठेवू आणि सगळ्या मुलांना खाल्ल्यावर साबणाने हात धुवायला लावू मग फेर. तो माझ्या शेजारी असेल.

ए १०२ : थँक्यू काकू, खरंच.

गुरुवार

सी ३०४ : वापसा आलाय!! सगळ्यांनी साडेसात वाजता वर या, मुलांना घेऊन या शाळेआधी. एका हाताने झाडाचं बूड धरायचं, दुसऱ्या हाताने खुरपं लांबून घालून खालची माती सैल करायची आणि मग हळू ओढायचं, झटका नाही.

डी २०३ : फोटो टाकतेय, बघा माझ्या लेकीच्या हातात, एका झाडाला बावीस शेंगा मोजल्या तिने. आणि मुळांवर बारीक बारीक गोल गाठी आहेत, कीड आहे का हो?

सी ३०४ : नाही गं, तेच तर त्याचं धन आहे. त्या गाठींमध्ये जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, म्हणून मी युरिया घालू दिला नव्हता, नत्र जास्त झाला की नुसता पाला माजतो. एक गाठ नखाने फोडून बघ, आतून लालसर निघाली म्हणजे कामात आहे. शेंगा तोडल्यावर मुळं फेकू नका, तशीच मातीत परत मिसळा, पुढच्या पालक-मेथीला बरं.

बी ६०१ : काकू पहिल्या दोन क्रेटमध्ये शेंगा मोठ्या दिसतायत पण पोचट, आत दाणाच नाही. बाकी सहात मस्त भरल्यात.

सी ३०४ : ते दोन क्रेट जिप्सम टाकायच्या दिवशी राहून गेले होते, मी गावाला गेले होते बघ. शेंग आपला कॅल्शियम मुळाकडून नाही घेत, ती स्वतःच आजूबाजूच्या मातीतून ओढते, म्हणून फुलावर असताना बुडाशी क्रेटला दोन चमचे तरी जिप्सम पडायला हवं, नाहीतर टरफल होतं आणि दाणा भरत नाही. चूक माझी आहे, सांगून जायला हवं होतं. पुढच्या वेळी आठही क्रेटला.

बी ५०२ : वजन केलं, ओल्या शेंगा सव्वा किलो. बत्तीस झाडांना वाईट नाही.

सी ३०४ : एक किलो खिरापतीला, पाव किलो बियाला. बियाच्या पक्क्या निवडून मी वेगळ्या काढल्यात, कोंब फुटलेल्या आणि चिरलेल्या सगळ्या बाजूला टाकल्या. दोन दिवस उन्हात, मग सावलीत, कानाशी हलवल्यावर दाणा आत खुळखुळ वाजला पाहिजे तोवर. आणि हे घरी आणलेल्या दाण्यांना पण लागू आहे बरं का, बुरशी धरलेला, काळपट, खवट दाणा भाजून कुटात घालू नका, त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही, लिव्हरला वाईट. सरळ फेकायचा.

डी २०३ : शेंगा उकडायच्या किती?

सी ३०४ : तीन पाण्यांनी चोळून धू, मग कुकरमध्ये बुडतील इतकं पाणी, मीठ जरा सढळ हाताने, चिमूट हळद, मंद गॅसवर चार शिट्ट्या आणि त्याच पाण्यात तासभर राहू दे म्हणजे मीठ आत शिरतं. शिट्ट्यांआधी अर्धा तास तशाच भिजत ठेवल्या तर अजून छान.

शुक्रवार

बी ६०१ : काकू क्रेट रिकामे करू का आज? मेथी टाकायचीय.

सी ३०४ : आज नको, उद्या. मुलांना सांगितलंय सरवा वेचायला या म्हणून. माती हाताने चाळली की राहिलेल्या शेंगा सापडतात, लहानपणी सासवडला आम्ही ओटा भरून आणायचो. ज्याला सापडेल त्याची. आत्ता सहा वाजलेत, हत्तीचा पाट कोण आणतंय खाली?

ए १०२ : मी आणतेय. छोटा तयार होऊन दारात उभा आहे.