विंडोज ११ घेतलं, पण आत १० आणि ६.३ का दिसतंय?

इचलकरंजीकर: नवीन लॅपटॉप घेतला. सेटिंग्जमध्ये 'विंडोज ११ प्रो' आहे, पण कमांड प्रॉम्प्टवर 'व्हर' टाकलं तर १०.०.२२६३१. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदींच्या वहीत) नाव 'विंडोज १० प्रो' आणि करंटव्हर्जन चक्क ६.३! दुकानदाराने गंडवलं का? शिवाय आमच्या सूताच्या दुकानाचा डॉसमधला (विंडोजआधीच्या जुन्या सिस्टीमवरचा) बिलिंग प्रोग्राम उघडतच नाही.

जुना_डॉसवाला: दुकानदाराला उगाच शिव्या घालू नका. बिल्ड, म्हणजे 'व्हर'मधला शेवटचा आकडा, २२००० किंवा त्यापुढचा असेल तर ते ११च.

खोक्यावरचं नाव मार्केटिंगवाले ठरवतात, आतला आकडा जुन्या प्रोग्रामांच्या धाकाने ठरतो. विंडोज ९५ खरं तर ४.०, पण १६-बिट, म्हणजे विंडोज ३ च्या काळातल्या, प्रोग्रामने विचारलं की ते ३.९५ सांगायचं. विंडोजच्या हिशेबात ३.१ म्हणजे ३ आणि १०. बऱ्याच जणांनी 'पहिला आकडा ३ पेक्षा कमी किंवा दुसरा १० पेक्षा कमी असेल तर नको' असं लिहून ठेवलेलं. ४.० मधलं शून्य बघितलं की गडी अडून बसणार, 'विंडोज ३.१ आणा'!

व्हिस्टा ६.० झालं तेव्हा पुन्हा तीच रड. म्हणून पहिला आकडा ६ च ठेवला: ७ आतून ६.१, ८ म्हणजे ६.२, ८.१ म्हणजे ६.३. आणि ८.१ पासून तर, ज्या प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) नव्या आवृत्तीचा उल्लेख नाही त्याला सरळ ६.२ सांगून मोकळे होतात. त्यामुळे पुढे १०.० वर उडी मारली तरी जुन्यांना पत्ताच नाही. तुमचा रजिस्ट्रीतला ६.३ मात्र ८.१ पासून तिथेच गोठलाय.

मला यात काही गैर वाटत नाही. नियम मोडला प्रोग्रामरने, पण प्रोग्राम बंद पडला की लोक शिव्या विंडोजला देतात.

मॅकवाली_पुणे: आमच्याकडेही तेच हो काका. २०२० मध्ये मॅकओएसची बिग सर आवृत्ती ११ झाली, पण जुन्या एसडीकेवर (ॲप बनवायच्या साधनांवर) बांधलेल्या ॲपला ते १०.१६ सांगतं. लिनक्सनेही ३.० नंतर '२.६.४०' सांगायची सोय ठेवली होती.

इचलकरंजीकर: म्हणजे बिलिंगलाही खोटा आकडा सांगितला की चालेल?

जुना_डॉसवाला: नाही, तिथे दुखणं वेगळं. ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही, आणि ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स-एक्स टाका, त्यात प्रिंटिंगचीही सोय आहे. आधी डेटाच्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, मगच हात लावा.