कुंग फूचे सिनेमे तुमच्यापर्यंत कसे पोचले? (अनुभव धागा)

हाँगकाँगचे मारामारीचे सिनेमे सत्तरच्या दशकात जगभर गेले. १९७३ साली ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत लागला तेव्हा त्याचा नायक ब्रूस ली हयात नव्हता. जुलैतच, ३२व्या वर्षी तो गेला होता. तरी देशोदेशीची पोरं त्याच्यासारखी उभी राहायला लागली. मला वाटतं, या सिनेमांत संवाद न कळताही माणूस कळतो. तुम्ही कुठे पाहिलेत, काय मनात राहिलं? सविस्तर लिहा.

---

मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. गल्लीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे चालायचे. त्यात १९७८चा ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ पाहिला. त्यातला नायक गॉर्डन लिऊ भरलेल्या बादल्या हात आडवे ताठ धरून नेतो, दंडांना आतून सुरे बांधलेले. हात जरा खाली आला की टोक बरगडीत! अर्ध्याहून जास्त सिनेमा निव्वळ मेहनतीचा. आमचे वस्ताद सिनेमा म्हटलं की उठून जायचे, हा शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, “ह्यो गडी खरा.”

---

मस्त धागा! मी संकलनाचं काम करते. जॅकी चॅनची मारामारी थांबवून थांबवून पाहा. कॅमेरा जरा लांब, मारणारा आणि मार खाणारा दोघंही अख्खे दिसतात, फटका आणि त्याचा परिणाम एकाच शॉटमध्ये. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) मॉलमधल्या खांबावरून तो दिवे फोडत खाली येतो, ते लगेच वेगळ्या कोनातून पुन्हा दाखवलंय. डोळ्यांची खात्री पटावी म्हणून. चॅन आणि त्याचा जोडीदार नट सामो हंग लहानपणी पेकिंग ऑपेराच्या (गाणं, अभिनय आणि कसरती असलेलं चिनी नाटक) शाळेत तयार झाले, तो ताल प्रत्येक हालचालीत आहे.

---

न्यू जर्सीहून. ऑफिसातले एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकारी लहानपणी मॅनहॅटनच्या ४२व्या रस्त्यावरच्या थिएटरांत हेच सिनेमे बघायचे. “गोरा नसलेला हिरो जिंकताना तिथेच दिसायचा,” असं ते सांगतात. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने तर १९९३च्या पहिल्याच अल्बमच्या नावात ‘३६ चेंबर्स’ घातलं.

---

बोस्नियातल्या मोस्तारला फिरायला गेलो होतो, तिथे ब्रूस लीची गोष्ट ऐकली. युद्धाने शहराचे क्रोएट आणि बोस्नियाक असे दोन भाग झालेले. तिथल्या तरुणांना दोन्हीकडच्यांना आपला वाटेल असा माणूस हवा होता. नोव्हेंबर २००५मध्ये त्याचा पुतळा बसवला, हाँगकाँगच्या पुतळ्याच्या एक दिवस आधी! लगेच त्याची नासधूसही झाली, म्हणून हलवला आणि २०१३मध्ये परत आणला. हे ऐकताना मला फार भरून आलं.

---

‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’बद्दल (२०००, चार ऑस्कर) कुणीच कसं लिहिलं नाही? आई सिनेमांना कंटाळते, पण बांबूच्या शेंड्यांवरची झुंज तिने पुन्हा लावायला सांगितली. बांबूच्या वनातली झुंज आवडत असेल तर दिग्दर्शक किंग हूचा ‘अ टच ऑफ झेन’ जरूर पाहा, १९७५मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला तांत्रिक पुरस्कार मिळाला होता. मोठा आहे, सवडीने बघा.