मदत हवी आहे : पक्षी बाबांचा, चावे मात्र आईला

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापुरात राहतो. दीड वर्षापासून घरात कॉकाटिएल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आहे, नर. (आपला हिरवा पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून हा ऑस्ट्रेलियन पाहुणा.)

पाणी, राळे, पिंजऱ्याची सफाई, उन्हाळ्यात खिडकीला ओलं कापड, सगळं आईच करते. आणि साहेब मात्र बाबांचे! संध्याकाळी गेट वाजलं की शिट्ट्या सुरू. बाबा जेवायला बसले की खांद्यावर, भाकरीचा तुकडा आधी ह्याला. आईने हात पुढे केला की तुरा मागे चपटा करून फुसफुसतो, आणि तरी हात नेला तर चावतो. परवा बोटातून रक्त आलं. आई हसून म्हणाली, "करणारी मी, लाडका बाप." पण तिला लागलंय ते, मला कळतं.

मला वाटतं बाबांना तो जोडीदार समजतोय. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. त्याने पक्षी माजावर येतात, फक्त डोकं-मान खाजवावी, हे मला नंतर कळलं. बाबा ऐकत नाहीत, तो वेगळाच विषय.

आता राळ्याचं कणीस फक्त आईनेच द्यायचं, बाबांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबायचं, असं चार दिवस चाललंय. दुरून खातो, हातावर येत नाही. कुणाचा पक्षी असा दुसऱ्या माणसाकडे वळलाय का? किती दिवस लागले? आणि चावल्यावर आईने हात लगेच मागे घ्यावा की तसाच ठेवावा?